घरगुती संगणक आणि अँटीव्हायरसची निवड : मोफत, विकतचे आणि अंगभूत

धाराशिव जिल्ह्यात ज्याला घरचा संगणक म्हटले जाते, तो निव्वळ घरगुती वापराचा क्वचितच असतो. त्याच यंत्रावर मुलीचा प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरलेला असतो, वडिलांचा सातबारा आणि पीक विम्याची पावती उतरवून ठेवलेली असते, भावाने गावातल्या चार लग्नपत्रिकांची जुळणी केलेली असते, आणि कळंब, वाशी किंवा लोहारा तालुक्यातल्या एखाद्या गावात तर ओसरीवरचा तो एकच संगणक सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत आपले सरकार सेवा केंद्र म्हणून राबत असतो. अशा यंत्राला संरक्षण कोणते द्यावे, हा प्रश्न दुकानात मात्र एकाच रूपात विचारला जातो: अँटीव्हायरस फुकटचा टाकायचा की विकतचा घ्यायचा? प्रश्न व्यवहाराचा आहे आणि विचारणाऱ्याची निकडही खरी आहे. परंतु किंमत हा त्यातील सर्वांत शेवटी ठरवायचा भाग असून तो सर्वांत आधी ठरवला जातो, आणि त्यामुळेच पैसे मोजूनही संगणक उघडा राहतो किंवा पैसे न मोजताही जे मिळाले असते ते गमावले जाते, हे दाखवणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

जिल्ह्याची रचना येथे लक्षात घ्यावी लागते. २०११ च्या जनगणनेत, तेव्हाच्या उस्मानाबाद या नावाने, जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ५७ हजारांच्या घरात नोंदवली गेली आणि तिच्यापैकी जेमतेम १७ टक्के लोक शहरांत राहत होते. २०१८ साली निती आयोगाने विकासात मागे राहिलेल्या, म्हणजे ‘आकांक्षित’, जिल्ह्यांची जी यादी केली तिच्यात महाराष्ट्रातून निवडलेल्या चार जिल्ह्यांत त्याचा समावेश झाला. आठ तालुक्यांच्या या प्रदेशात संगणक विकणारा, दुरुस्त करणारा, त्यात विंडोज टाकणारा आणि अँटीव्हायरसची शिफारस करणारा माणूस बहुधा एकच असतो, तो तालुक्याच्या गावी बसतो, आणि त्याचे म्हणणे पडताळून पाहण्याचे दुसरे साधन ग्राहकाजवळ नसते. हा दुकानदार लबाड असतो असे मुळीच नाही. बऱ्याच वेळा तो ग्राहकाइतकाच जुन्या माहितीवर चालत असतो, आणि ती माहिती जुनी कशी झाली हे समजण्यासाठी या सॉफ्टवेअरचा इतिहास थोडक्यात पाहणे अगत्याचे ठरते.

संगणकाचा व्हायरस म्हणजे स्वतःच्या प्रती काढून एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये किंवा एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पसरणारी आज्ञावली. आज हा शब्द सैलपणे वापरला जातो आणि पासवर्ड चोरणाऱ्या, जाहिराती लादणाऱ्या किंवा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सर्वच घातक आज्ञावलींना तो लावला जातो. या सर्वांचे सामुदायिक नाव मालवेअर असे आहे. वैयक्तिक संगणकांवर दूरवर पसरलेला पहिला व्हायरस ‘ब्रेन’ हा १९८६ साली लाहोरमधील दोन भावांनी लिहिला आणि तो फ्लॉपीवरून फिरला. त्याच्याही आधी, १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात फ्रेड कोहेन या अमेरिकी संशोधकाने असे सिद्ध केले होते की कोणतीही आज्ञावली व्हायरस आहे की नाही हे प्रत्येक वेळी अचूक सांगणारी दुसरी आज्ञावली लिहिताच येणार नाही. ही अडचण पैशाची किंवा मेहनतीची नसून गणिती आहे, आणि म्हणून ‘शंभर टक्के संरक्षण’ असा मजकूर ज्या खोक्यावर छापलेला असेल त्या खोक्याची किंमत काहीही असली तरी तो मजकूर खरा असू शकत नाही.

संपूर्ण ओळख अशक्य असल्यामुळे अँटीव्हायरसला अंदाजाने काम करावे लागते, आणि तो अंदाज तो तीन-चार मार्गांनी बांधतो. पूर्वी सापडलेल्या घातक फाइलींच्या खुणांची एक यादी तो जवळ बाळगतो आणि प्रत्येक फाइल तिच्याशी ताडून पाहतो. यादीत नसलेल्या फाइलीची घडण संशयास्पद आहे का हे तो तपासतो. आज्ञावली चालू झाल्यावर ती काय करते, म्हणजे एका मिनिटात शेकडो फाइली बदलू लागते की काय, यावर तो नजर ठेवतो. आणि शंका असेल तर त्या फाइलीची ओळख इंटरनेटवरून कंपनीच्या मोठ्या संगणकांना विचारून घेतो. यांतला शेवटचा मार्ग आज सर्वांत परिणामकारक झाला आहे, आणि नेमका तोच मार्ग वीज गेल्यावर, रेंज नसल्यावर किंवा मोबाइलचा डेटा वाचवण्यासाठी इंटरनेट बंद ठेवल्यावर तुटतो. पुण्यामुंबईच्या घरात चोवीस तास जोडलेल्या संगणकावर जे उत्पादन उत्तम ठरते, ते परंडा तालुक्यातील एखाद्या वस्तीवर, दिवसातून एकदा फोनच्या हॉटस्पॉटवर जोडल्या जाणाऱ्या संगणकावर तितकेच उत्तम ठरेल असे गृहीत धरता येत नाही.

महाराष्ट्रात विकतच्या अँटीव्हायरसची परंपरा इतकी घट्ट रुजली, याचे कारण पुण्यात सापडते. मूळचे सातारा जिल्ह्यातील कैलास काटकर यांचे पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे दुकान होते आणि पुढे ते संगणक दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणारी बरीच यंत्रे व्हायरसने बिघडलेली असत, आणि मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी अशा व्हायरसना काढून टाकणारी साधने लिहिली. त्यांतून गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकाच्या मध्यावर क्विक हील हे उत्पादन उभे राहिले. कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या नावाने चाललेल्या कंपनीने २००७ साली क्विक हील टेक्नॉलॉजीज हे नाव घेतले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात नोंदले गेले. पुण्याचेच नेट प्रोटेक्टर, मुंबईचे ई-स्कॅन आणि चेन्नईचे के-सेव्हन ही याच पिढीतील भारतीय नावे होत. या उत्पादनांनी केलेले सर्वांत मोठे काम तांत्रिक नव्हते. तालुक्याच्या दुकानापर्यंत पोचणारा खोका, त्यातील सीडी, खरवडून पाहायचा ‘की’ क्रमांक, अडले तर आपल्या भाषेत बोलणारा माणूस, आणि वर्षभराने नूतनीकरणाची आठवण करून देणारा दुकानदार अशी एक साखळी त्यांनी उभी केली. परदेशी कंपन्यांना ती इतक्या खोलवर उभारता आली नव्हती. ज्या काळात विंडोजजवळ स्वतःचे असे संरक्षण जवळजवळ नव्हते आणि खेड्यात इंटरनेटही नव्हते, त्या काळात पैसे देऊन अँटीव्हायरस घेणे हाच शहाणपणाचा मार्ग होता, यात शंका नाही.

तो काळ मात्र टप्प्याटप्प्याने संपला. मायक्रोसॉफ्टने २००९ साली सिक्युरिटी एसेन्शियल्स हे मोफत साधन दिले, २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर या नावाने अँटीव्हायरस विंडोजमध्येच अंगभूत झाला, आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये तो अधिक पक्का होत गेला. सुरुवातीचा डिफेंडर दुबळा होता हे खरे. त्याच्या आधीच्या अवताराला २०१२ च्या अखेरीस जर्मनीतील एव्ही-टेस्ट या चाचणी संस्थेचे प्रमाणपत्रही मिळू शकले नव्हते. परंतु गेल्या काही वर्षांत त्याच संस्थेच्या चाचण्यांत संरक्षण, वेग आणि वापरसुलभता या तीन कसोट्यांचे प्रत्येकी सहा याप्रमाणे १८ पैकी १८ गुण त्याने अनेकदा मिळवले आहेत. २००१ साली सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून ज्या पिढीने संगणकाची पहिली ओळख करून घेतली, तिच्या मनात ‘विंडोजबरोबर येते ते काही कामाचे नाही’ हे वाक्य तेव्हा योग्य कारणाने बसले आणि कारण संपल्यावरही राहिले. मोफत आणि विकत अशा दोन पर्यायांची मांडणी या जुन्या स्थितीतून आलेली आहे. आजच्या ग्राहकापुढे पर्याय तीन आहेत: विंडोजमध्ये आलेले अंगभूत संरक्षण, दुसऱ्या कंपनीचा मोफत अँटीव्हायरस आणि दुसऱ्या कंपनीचा विकतचा अँटीव्हायरस. यांतील पहिल्या दोन पर्यायांना ‘फुकटचे’ या एकाच नावाखाली ढकलल्याने बराचसा घोटाळा होतो, कारण त्यांचे गुणधर्म आणि त्यांच्यामागचे हिशेब सर्वस्वी वेगळे आहेत.

या तिन्ही पर्यायांची तुलना करण्यापूर्वी एक अप्रिय गोष्ट स्पष्ट मांडणे आवश्यक आहे, कारण तिच्यावाचून पुढील सर्व चर्चा व्यर्थ ठरते. जोडणी करून घेतलेल्या किंवा जुन्या बाजारातून आणलेल्या संगणकांवरचे विंडोज पुष्कळदा विनापरवाना असते. असे विंडोज चालू करण्यासाठी ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ किंवा ‘क्रॅक’ म्हणून ओळखली जाणारी एक आज्ञावली वापरली जाते, आणि तिच्यासोबतची पहिली सूचना जवळजवळ नेहमी एकच असते: आधी डिफेंडर बंद करा. ग्राहकाला हे सांगितले जात नाही. त्याला चालू संगणक मिळतो, ‘व्हायरस येऊ नये म्हणून’ वर एक विकतचा अँटीव्हायरस टाकून त्याचे पैसे घेतले जातात, आणि खाली दाराचे कुलूप कोणी अनोळखी आज्ञावलीने आधीच उघडून ठेवलेले आहे हे त्याच्या गावीही नसते. त्यातून विंडोजचे अद्ययावतीकरण, म्हणजे सापडलेल्या उणिवा बुजवण्यासाठी दर महिन्याला येणाऱ्या दुरुस्त्या, परवाना उघडा पडेल या भीतीने कायमचे थांबवून ठेवलेले असते. सोयाबीनला बीजप्रक्रिया न करता पेरून नंतर महागड्या फवारण्यांवर खर्च करणारा शेतकरी जसा मुळाशी राहिलेल्या रोगापुढे हतबल होतो, तशीच या संगणकाच्या मालकाची स्थिती होते.

हा धोका कल्पनेतला नाही. २०१८ च्या सुमारास दिसू लागलेल्या स्टॉप-डीजेव्हीयू या खंडणीखोर मालवेअरच्या कुळाने मोठ्या कंपन्यांऐवजी घरगुती वापरकर्त्यांना लक्ष्य केले, आणि त्याचा प्रसार मुख्यतः क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून व बनावट की तयार करणाऱ्या आज्ञावलींमधून झाला. भारतातही त्याची झळ मोठ्या प्रमाणावर बसली. फोटोशॉप, जुळणीची सॉफ्टवेअरे, मराठी टंक यांच्या चोरट्या प्रती पेनड्राइव्हवरून हातोहात फिरण्याची रीत जेथे रुळलेली आहे, तेथे या मालवेअरला वेगळी वाट शोधावी लागत नाही. सकाळी संगणक उघडावा तर लग्नाचे सर्व फोटो आणि सर्व दस्तऐवज जागेवर असावेत, पण प्रत्येकाच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरे लागलेली असावीत, एकही फाइल उघडू नये आणि प्रत्येक फोल्डरमध्ये डॉलरची मागणी करणारी एक चिठ्ठी पडलेली असावी, असे त्याचे रूप असते. एम्सिसॉफ्ट या कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये या कुळातील जुन्या प्रकारांसाठी फाइली सोडवणारे मोफत साधन उपलब्ध केले. त्यानंतरच्या बहुतेक प्रकारांवर तसा सरसकट उपाय राहिला नाही. अशा वेळी अँटीव्हायरस फुकटचा होता की विकतचा याला फारसा अर्थ उरत नाही, कारण तो बंद करा असे क्रॅकने सांगितले होते आणि मालकाने किंवा त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी ते ऐकले होते.

अद्ययावतीकरणाचे महत्त्व २०१७ सालच्या दोन घटनांनी जगापुढे आणले. त्या वर्षी १२ मे रोजी वॉनाक्राय या मालवेअरने अनेक देशांतील लाखो संगणक कुलूपबंद केले, आणि ज्या उणिवेतून तो शिरला ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच्या दोन महिने आधी, मार्चमध्येच, विनामूल्य देऊन ठेवली होती. पुढच्याच महिन्यात, २७ जून रोजी, तीच उणीव वापरणाऱ्या नॉटपेट्या या मालवेअरने उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज ठप्प केले. बंदराची ही अवस्था झाली असेल तर उमरग्यातल्या घरात एकदाही अद्ययावत न झालेले विंडोज वर्षानुवर्षे चालवणे किती धोक्याचे आहे, याचा अंदाज बांधता येतो. म्हणून या विवेचनात खर्चाचा क्रम असा धरला आहे की हातात ठरावीक पैसे असतील तर ते प्रथम परवानाधारक विंडोजवर खर्च करावेत. तेवढे शक्य नसेल तर लिनक्स ही मोफत आणि कायदेशीर कार्यप्रणाली, जिचे ‘बॉस’ नावाचे भारतीय रूप सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने तयार केले आहे, शिकण्याचे कष्ट घ्यावेत. आणि अँटीव्हायरसच्या खरेदीचा विचार त्यानंतर करावा.

ही गोष्ट १४ ऑक्टोबर २०२५ नंतर अधिकच निकडीची झाली आहे, कारण त्या दिवशी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. घरगुती ग्राहकांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळवण्याची वाढीव सवलत देण्यात आली असली, तरी ती आपोआप लागू होत नाही आणि बहुतेकांना तिची माहितीही नाही. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. विंडोज १० वरील डिफेंडरला घातक फाइलींच्या खुणांची यादी २०२८ पर्यंत मिळत राहील असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेले असल्यामुळे पडद्यावरची हिरवी खूण तशीच दिसत राहील, पण विंडोजमध्ये नव्याने सापडणारी भगदाडे मात्र उघडी राहतील. विकतचे अँटीव्हायरस बनवणाऱ्या कंपन्याही जुन्या विंडोजवर आपले उत्पादन चालवत राहतात आणि त्यात काही गैर नाही. परंतु त्यावरून संगणक सुरक्षित आहे असे अनुमान काढणे चुकीचे ठरते. जिल्ह्यातील कितीतरी जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, हे लक्षात घेता या यंत्रांचे काय करावे हा येत्या काही वर्षांतला अँटीव्हायरसपेक्षाही मोठा प्रश्न आहे.

आता मोफत मिळणाऱ्या परक्या अँटीव्हायरसकडे वळता येईल. एखादी कंपनी कोट्यवधी लोकांना आपले उत्पादन विनामूल्य देते तेव्हा तिचा खर्च कोठून भागतो, हा साधा प्रश्न विचारण्याची सवय ग्राहकाला नसते. बहुतेक वेळा तो विकतची आवृत्ती घेण्याचा तगादा लावणाऱ्या खिडक्यांतून भागतो आणि तेवढे सोसण्यासारखे असते. परंतु जानेवारी २०२० मध्ये असे उघडकीस आले की अव्हास्ट या जगप्रसिद्ध मोफत अँटीव्हायरसच्या कंपनीने आपल्या वापरकर्त्यांनी कोणकोणती संकेतस्थळे पाहिली याची तपशीलवार माहिती जंपशॉट या आपल्याच उपकंपनीमार्फत इतरांना विकली होती. ती उपकंपनी तत्काळ बंद करण्यात आली, आणि २०२४ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकरणी १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्यास कंपनीला भाग पाडले. संरक्षणासाठी ज्याला सर्व फाइली आणि सर्व हालचाली पाहण्याची मुभा दिली त्यानेच त्या हालचाली विकाव्यात, ही गोष्ट गंभीर आहे आणि ती विसरली जाऊ नये. प्रत्येक मोफत उत्पादन असे करते असा निष्कर्ष त्यातून काढणे अन्यायाचे होईल. मात्र विंडोजमध्ये तुल्यबळ साधन आधीच हजर असताना दुसरे मोफत साधन वर चढवून नेमके काय मिळते, याचे समाधानकारक उत्तर सामान्य घरगुती वापरकर्त्यासाठी सापडत नाही. तिन्ही पर्यायांत हा पर्याय सर्वांत कमी शिफारशीस पात्र आहे, असे या पुस्तकाचे मत आहे.

या पर्यायाची आणखी एक बाजू धाराशिवसारख्या जिल्ह्यात विशेष लागू पडते. बहुतेक मोफत अँटीव्हायरसच्या परवान्यात ते वैयक्तिक आणि अव्यावसायिक वापरासाठीच आहेत अशी अट असते. ओसरीवर चालणाऱ्या सेवा केंद्राच्या, झेरॉक्स-टायपिंगच्या किंवा फोटो स्टुडिओच्या संगणकावर त्यांचा वापर परवान्याबाहेर जातो, आणि काही अडल्यास कंपनीकडे दाद मागण्याचा हक्कही उरत नाही. विंडोजच्या अंगभूत डिफेंडरला, विंडोज परवानाधारक असेल तर, अशी अट नाही.

विकतच्या अँटीव्हायरसकडून मिळणारी ओळखण्याची क्षमता आज डिफेंडरपेक्षा फार वेगळी असतेच असे नाही. पैसे जातात ते प्रामुख्याने तिच्याभोवतीच्या सोयींसाठी. मुलांनी काय पाहावे यावर मर्यादा, बँकेचे संकेतस्थळ उघडताना वेगळी सुरक्षित खिडकी, फाइलींची आपोआप राखीव प्रत, एकाच परवान्यात दोन-तीन यंत्रे, आणि मुख्य म्हणजे अडचण आल्यावर फोन उचलणारा माणूस, या त्या सोयी होत. यांपैकी शेवटची सोय शहरी समीक्षक नगण्य मानतात. ती नगण्य नाही. ज्या घरात संगणकातले जाणणारा मुलगा शिकायला पुण्याला गेला आहे आणि मागे राहिलेल्या आईवडिलांना पडद्यावर आलेल्या इंग्रजी इशाऱ्याचा अर्थ लागत नाही, त्या घरात मराठीतून समजावून सांगणारा आधार हीच खरी खरेदी असते आणि तिच्यासाठी वर्षाला काही शे रुपये मोजणे पूर्णतः समर्थनीय आहे. मात्र खोका घेताना कीची मुदत कधी सुरू होते, परवाना किती यंत्रांचा आहे आणि पहिल्या वर्षीच्या सवलतीनंतर नूतनीकरणाचा दर काय पडेल, हे विचारून घ्यावे. ऑनलाइन खरेदीत कार्डावरून दरवर्षी आपोआप रक्कम वळती करण्याची संमती नकळत दिली जाते. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून अशा वळतीपूर्वी चोवीस तास आधी सूचना देणे बंधनकारक केले आहे, आणि तो संदेश वाचण्याची सवय लावून घेणे हिताचे आहे.

विकतच्या अँटीव्हायरसची सर्वांत वाईट अवस्था म्हणजे मुदत संपलेला आणि तरीही संगणकावर बसून राहिलेला अँटीव्हायरस. दुसऱ्या कंपनीचे उत्पादन बसवले की डिफेंडर बाजूला होतो. मुदत संपल्यावर ते उत्पादन नव्या खुणा घेणे थांबवते, पण चिन्ह कोपऱ्यात दिसत राहिल्याने घरच्यांना संरक्षण चालू आहे असे वाटते. नूतनीकरण करायचे नसेल तर ते उत्पादन रीतसर काढून टाकावे, म्हणजे विंडोजचे स्वतःचे संरक्षण पुन्हा कामाला लागते. दोन अँटीव्हायरस एकत्र टाकण्याचा सल्लाही चुकीचा आहे, कारण दोघे एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि जुने यंत्र संथ होऊन शेवटी दोन्ही बंद केले जातात.

पेनड्राइव्ह हा या जिल्ह्यातील संसर्गाचा मार्ग म्हणून स्वतंत्र विवेचनास पात्र आहे. परीक्षेचा अर्ज छापण्यासाठी विद्यार्थी पेनड्राइव्ह घेऊन नेट कॅफेत जातो, तेथे तो दिवसभरात अनेकांच्या फाइली हाताळलेल्या यंत्रात खुपसला जातो, आणि घरी आल्यावर उघडावा तर त्यात एकच शॉर्टकट दिसतो. हा ‘शॉर्टकट व्हायरस’ मूळ फाइली पुसत नाही. तो त्या दडवून ठेवतो आणि त्यांच्या जागी सारखाच दिसणारा दुवा मांडतो, ज्यावर दोनदा क्लिक केले की आधी मालवेअर चालते आणि मग खरा फोल्डर उघडतो, त्यामुळे काही बिघडले असे वाटतच नाही. अशा वेळी घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट मारला जातो आणि न हरवलेल्या फाइली खरोखर हरवतात. डिफेंडर आणि विकतची उत्पादने दोन्हीही हा प्रकार बऱ्यापैकी ओळखतात. सी-डॅकने यूएसबी प्रतिरोध नावाचे, अनोळखी पेनड्राइव्हला अटकाव करणारे साधन तयार केले आहे, आणि केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर भारतीय कंपन्यांची मालवेअर काढणारी मोफत साधने ठेवलेली असतात. सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली ही साधने तालुक्याच्या दुकानांत फारशी ठाऊक नाहीत, याची खंत वाटते.

सेवा केंद्रांचा प्रश्न मात्र घरगुती निवडीच्या चौकटीत मावत नाही, आणि त्याला येथे मुद्दाम जागा दिली आहे. राज्य सरकारने २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा योजना आणली तेव्हा अर्जाच्या शेवटच्या दिवसांत या केंद्रांवर रात्री उशिरापर्यंत रांगा लागत होत्या. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, शिष्यवृत्ती अशा प्रत्येक कामासाठी नागरिक आधार कार्ड, बँक पासबुकाचे पहिले पान आणि सातबारा केंद्रचालकाच्या हाती देतो, चालक ते स्कॅन करतो, आणि काम झाल्यावर त्या प्रती डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये वर्षानुवर्षे पडून राहतात. बोटाचा ठसा घेणारे यंत्र चालेना झाले की आधी अँटीव्हायरस बंद करून पाहण्याची सवयही तेथे रुजलेली असते, आणि गर्दीत तो पुन्हा चालू करायचा राहून जातो. पासवर्ड आणि कागदपत्रे चुपचाप बाहेर पाठवणाऱ्या मालवेअरला याहून सोयीचे यंत्र मिळणे कठीण. येथे नुकसान यंत्राच्या मालकाचे होत नाही. ते आपला कागद विश्वासाने देऊन गेलेल्या शेतकऱ्याचे, विधवेचे, विद्यार्थ्याचे होते, आणि त्यांना ते कोठून झाले हे कधी कळतही नाही. अशा यंत्रासाठी परवानाधारक विंडोज, व्यवसायाच्या परवान्याचा अँटीव्हायरस, घरच्या मुलांसाठी वेगळे खाते आणि काम संपताच स्कॅन पुसून टाकण्याची शिस्त ही किमान अपेक्षा आहे. हा खर्च चालकावर ढकलून यंत्रणेने मोकळे व्हावे हे न्याय्य नाही. दाखल्यामागे मिळणाऱ्या तुटपुंज्या वाट्यातून तो भागत नसेल तर परवाने सामुदायिकपणे घेऊन केंद्रांना देण्याची जबाबदारी सरकारने उचलली पाहिजे.

ज्या घरात असे कोणतेही परक्याचे काम चालत नाही, विंडोज परवानाधारक व अद्ययावत आहे आणि घरातील एखादी व्यक्ती इशारे वाचून समजू शकते, त्या घराने वेगळा अँटीव्हायरस विकत घेण्याची गरज नाही, असे या पुस्तकाचे स्पष्ट प्रतिपादन आहे. अंगभूत संरक्षणातील काही उपयुक्त सोयी मात्र आपोआप चालू नसतात. निवडक फोल्डरमधील फाइली अनोळखी आज्ञावलींना बदलू न देणारी सोय २०१७ पासून विंडोज १० मध्ये उपलब्ध आहे आणि ती हाताने चालू करावी लागते. ती कशी चालू करावी, कोणत्या आज्ञावलींना तिच्यातून मुभा द्यावी आणि मराठी टंकलेखनाच्या साधनांशी तिचा खटका उडाल्यास काय करावे, हे पुस्तकात पुढे योग्य ठिकाणी पायरीपायरीने सांगितले आहे. ज्या बाह्य डिस्कवर फोटो आणि कागदपत्रांची राखीव प्रत ठेवायची, ती प्रत काढून होताच संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी, हेही तेथे वारंवार बजावले आहे, कारण जोडलेली राहिलेली डिस्क खंडणीखोर मालवेअर संगणकासोबतच कुलूपबंद करतो.

पडद्यावर अचानक येणारी ‘आपल्या संगणकात व्हायरस सापडला, या क्रमांकावर फोन करा’ अशी खिडकी, ओटीपी मागणारा फोन, किंवा लग्नपत्रिका अथवा पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी एपीके फाइल यांपुढे कोणत्याही किमतीचा अँटीव्हायरस पुरेसा पडत नाही, कारण तेथे दार माणूस स्वतःच्या हाताने उघडून देतो. पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर पहिल्या काही तासांत तक्रार नोंदवली तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते, इतकी नोंद येथे करून मोबाइलवरील फसवणुकीचा विषय या पुस्तकाच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. तो स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. पुढील विवेचन टेबलावरच्या संगणकापुरते मर्यादित आहे, आणि त्याची सुरुवात विंडोजचा परवाना खरा आहे की नाही हे घरबसल्या कसे तपासावे येथून केली आहे.